तुझे बाबा स्कीइंगला चाललेत

नाशिकरोड,
२३ नोव्हेंबर २०२५

हर्षू,

तुझे बाबा हो म्हणाले. हे वाक्य मुद्दाम पहिलं लिहिते आहे, म्हणजे पुढचं वाचताना तू डोक्यात राख घालून घेणार नाहीस.

आता कसे हो म्हणाले ते ऐक. ते पेपर वाचत होते. मी म्हटलं, हर्षालीने फेब्रुवारीत ऑस्ट्रियातल्या एका डोंगरावर आठवडाभरासाठी घर घेतलंय, सृष्टीच्या शाळेला तेव्हा सुट्टी असते, सगळे स्कीइंग करणार आहेत आणि आपल्यालाही बोलावलंय. पेपर खाली न घेता म्हणाले, "घर कोणाचं?"

"कुठल्याशा ऑस्ट्रियन बाईचं."

"तिचं नाही?"

"नाही. भाड्याचं आहे. तिचं घर इन्सब्रुकमध्ये, हे डोंगरावर."

मग पान उलटल्याचा आवाज आला. "तिच्या घराची पायरी चढणार नाही, असं मी म्हटलं होतं. ऑस्ट्रियन बाईच्या पायरीबद्दल मी काही बोललो नव्हतो."

आठ वर्षं मी या माणसापुढे डोकं फोडलं. नवस झाले, अबोला झाला, तुझ्या मामाची मध्यस्थी झाली. आणि तू एक भाड्याचं घर शोधून त्यांच्या शपथेला मागचं दार काढलंस. त्यांच्या हट्टाची कुलुपं तुलाच बरी उघडता येतात. तू त्यांचीच लेक, माझी कुठली!

संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं. खालचा दिनेश भेटला तर म्हणाला, "अरे वा काका, म्हणजे हर्षालीताईकडे?"

"नाही. स्कीइंगला."

दिनेशने माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या कोथिंबिरीच्या जुडीकडे बघितलं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा फोन आला की हे टीव्हीचा आवाज बंद करतात आणि मुक्या बातम्या बघत बसतात. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टी हातात घेऊन वळवलेलं अक्षर आहे, फोटोतही वाचता येईल.

आणि तुझी ती अट मी अजून त्यांच्या कानावर घातलेली नाही. "दोन्ही आजोबा येतील, नाहीतर कोणीच नको." वाचायला छान वाटतं ते. सृष्टीने दोन्ही आजोबांना एका टेबलाशी बसलेलं बघायला हवं, हेही मला पटतं. पण सांगायचं मला आहे. एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनवर तुझे बाबा आणि पगारेभाऊ यांनी सगळी नोकरी शेजारी शेजारी काढली. त्यांच्या कुसाबाईंच्या हातचा ठेचा आपल्या घरी आणि माझ्या पुरणपोळ्या त्यांच्या घरी जायच्या. तेव्हा जात कुठे आडवी आली नाही. त्यांच्या सुयशने आपल्या हर्षालीशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा बरोबर आली. "पगारे मित्र म्हणून ठीक आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढचं मी लिहीत नाही. तुला पाठ आहे.

सांगते. वेळ बघून सांगते. घाई करू नकोस.

आई


नाशिकरोड,
७ डिसेंबर २०२५

हर्षू,

सृष्टीचा पुढचा दात पडल्याचा फोटो मिळाला. तुझे बाबा तिचे फोटो बघत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. ते फक्त स्वतःचा चष्मा शोधायला माझा फोन हातात घेतात आणि त्यात बराच वेळ चष्मा शोधतात.

मला वेड लागायची पाळी आली आहे. सकाळी उठले की हे गॅलरीच्या गजाला धरून अर्धवट उठाबशा काढत असतात. यूट्यूबवर कोणी एक बाई लहान पोरांना स्कीइंग शिकवते. ती सांगते, पायांची पुढची टोकं जवळ आणा, टाचा लांब ठेवा, म्हणजे पायांचा आकार पिझ्झाच्या तुकड्यासारखा होतो आणि माणूस थांबतो. झालं! दिवसभर घरात पिझ्झा करत फिरतात. परवा मी कढी ओतत होते, तर मागून आवाज, "बघ, थांबलो!" मी दचकले आणि निम्मी कढी ओट्यावर.

तुझी आजी डोळे दाखवायला घोटीहून आली आहे. तिने सोफ्यावर बसून हा प्रकार दोन दिवस बघितला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काय रं, जनावराच्या खुराला लाग झाल्यावानी का चालतो?"

"आई, हे स्कीइंग आहे. बर्फावरून घसरायचं."

"मंग घसराया इमानानं जायाचं? आवणीला ये की शेतावर. बांधावर फुकट घसरशील, वर भात बी लावून व्हईल."

"तिथे तसं नसतं. शास्त्र असतं त्याला."

"शास्त्र ऱ्हाऊ दे. हर्षी भेटंल का तिथं?"

"तिथे बरेच लोक असतात आई."

"मी हर्षीचं इचारते. बऱ्याच लोकांचं नाय."

त्यावर तुझे बाबा पिझ्झा करत आतल्या खोलीत गेले. पण थांबता आलं नाही, कपाटावर आपटले.

तू बुटांसाठी उंची, वजन आणि पायाचं माप मागितलंस. त्यावर वादविवाद झाला. वजन कपड्यांसकट की कपड्यांवाचून? स्वेटर धरून की सोडून? मी म्हटलं, अहो, बुटांच्या दुकानदाराला एवढं नको असतं. तर म्हणाले, पडल्यावर पाय स्कीच्या पट्टीतून सुटायला हवा आणि ती सोडणारी स्प्रिंग वजनावर लावतात, तुला काय कळतंय. शेवटी औषधाच्या दुकानातल्या काट्यावर तीनदा उभे राहिले. हेल्मेट भाड्याने घ्यायला ठाम नकार आहे. ड्यूटीवरचं पिवळं हेल्मेट माळ्यावरून काढून धुऊन ठेवलंय. "लोक हसतील हो," म्हटलं, तर म्हणाले, "बर्फात गाडलो गेलो तर पिवळं लांबून दिसतं."

मला हसू येतं आणि मग मध्येच कुठेतरी हसू थांबतं. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टरांच्या टेबलाच्या काचेखाली एक पोस्टकार्ड होतं. पांढराशुभ्र डोंगर आणि त्यावरून खाली येणारी लाल टोपीतली मुलगी. मी एकदा धीर करून विचारलं, सिस्टर, ही पडत नाही का? त्या म्हणाल्या, पडते ना, खूपदा पडते, पण पोस्टकार्ड तेव्हा काढत नाहीत. मी तेव्हाच ठरवलं होतं, आपण मोठं झाल्यावर तिथे जायचं. मग मोठी झाले, लग्न झालं, एकलहऱ्याच्या कॉलनीत आले. तुझ्या बाबांचा युनिफॉर्म धुताना खिशातून बॉयलरची राख निघायची. माझा बर्फ तेवढाच.

सृष्टीसाठी लाल टोपी विणते आहे. डोक्याचा घेर कळव. आणि हो, पगारेभाऊंचं अजून सांगितलेलं नाही. वाचून लगेच फोन करू नकोस.

आई


नाशिकरोड,
१९ डिसेंबर २०२५

हर्षाली,

कळलं त्यांना. मी नाही सांगितलं. सांगणारच होते, पण द्वारका चौकातल्या ट्रॅव्हल एजंटकडची ती पायल, आवाज साखरेसारखा आणि अक्कल मिठाएवढी, तिने सरळ यांनाच फोन लावला. "जुंद्रे सर, व्हिसासाठी तुमच्या दोघांची आणि पगारे सरांची अपॉइंटमेंट एकत्रच लावते हं. सुयश सरांनी तसं सांगितलंय."

यांनी फोन ठेवला. मी पोळ्या लाटत होते. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

"रद्द," म्हणाले. "सगळं रद्द. मला फसवून न्यायला मी काय बकरा आहे?" आणि जेवले नाहीत. म्हणजे माझ्यासमोर जेवले नाहीत. रात्रीतून डब्यातले शेंगदाण्याचे लाडू कमी झाले, ते उंदराने खाल्ले असतील.

सकाळी बघते तर गॅलरीत उठाबशा चालू.

"रद्द झालंय ना?" मी विचारलं.

"गुडघ्यांना चांगलं असतं," म्हणाले.

आणि तुझा निरोप काय, तर "मग राहू दे." तीनच शब्द! हर्षाली, मी तुला कधी रागावून लिहिलं नाही, आज लिहिते. 'राहू दे' हा शब्द या घरात आठ वर्षं राहायला आहे. त्याला मीच जेवू घालते आहे. तू त्यांना सोडून दे म्हणतेस, ते तुला सोडून दे म्हणतात. आणि मी गुरुवारी दुपारी बंद दाराआड सृष्टीशी व्हिडिओवर बोलते, चोरून सिगारेट ओढल्यासारखी. नातीला मी अजून हात लावलेला नाही. तुम्हा दोघांचा ताठा खरा आणि माझी नात काय खोटी?

म्हणून काल रात्री जेवताना मी सांगून टाकलं, "मी जाणार. एकटी. पगारेभाऊंबरोबर मुंबईला जाते, व्हिसाचे ठसे देऊन येते आणि फेब्रुवारीत त्यांच्याबरोबरच विमानात बसते."

"तू? पगारेबरोबर? एवढ्या लांब?"

"मग काय झालं? तीस वर्षं तुम्ही होतात की त्यांच्याबरोबर. तुम्हाला काही झालं का?"

बराच वेळ भात कालवत बसले. मग म्हणाले, "मुंबईपर्यंत येतो. पण मी त्या माणसाशी बोलणार नाही."

"नका बोलू. ठसे बोटांचे घेतात, जिभेचे नाही."

तेव्हा आता तुझं ते 'राहू दे' मागे घे. लेखी घे.

आई


नाशिकरोड,
१० जानेवारी २०२६

हर्षू,

काल मुंबईहून आलो. पाठ मोडली आहे, पण हे आजच लिहायला हवं.

पहाटे गाडी काढली. द्वारकेला पगारेभाऊ उभे होते. कपाळापर्यंत मफलर, हातात कापडी पिशवी. कुसाबाई गेल्यापासून फार वाळले आहेत गं. त्यांनी "वहिनी, नमस्कार" म्हटलं. तुझ्या बाबांनीही नमस्कार केला, पण तो समोरच्या सिग्नलला. हे पुढे ड्रायव्हरशेजारी आणि आम्ही दोघं मागे. घाटापर्यंत यांनी एकच वाक्य काढलं. "काच वर घ्या, वारा लागतोय." घ्या! ज्या माणसाला जन्मभर 'ए पगाऱ्या' म्हटलं, त्याला 'घ्या.' पगारेभाऊंनी काच वर घेतली आणि बाहेर बघत राहिले. ती शिवी त्यांना बरोबर लागली.

इगतपुरीला चहाला थांबलो. पगारेभाऊ जाऊन तीन चहा घेऊन आले, त्यातला एक बिनसाखरेचा. यांना डायबेटिस झालाय हे मी त्यांना कधी बोलले नव्हते. यांनी चहा प्यायला, कप ठेवला आणि कपाकडेच बघून म्हणाले, "गरम होता." त्याला बोलणं म्हणायचं की नाही, हे मी ठरवू शकले नाही.

आता मुख्य गोष्ट. व्हिसाच्या कचेरीत एक तरुण मुलगी होती, सृष्टीहून थोडी मोठी असावी असं मला वाटलं, पण मला हल्ली सगळेच तसे वाटतात. तिने आमचे तिघांचे कागद बघितले. राहण्याचा पत्ता तिघांचा एकच. तिने यांना विचारलं, "ये अंकल आपके कौन लगते हैं? रिलेशन क्या है?"

यांनी चष्मा काढून पुसला. पगारेभाऊंनी मफलर सारखा केला. मला वाटलं आपण सांगावं, आपलं इंग्रजी चांगलं. तोंड उघडलं आणि शब्दच सापडेना. आमच्या मुलीच्या नवऱ्याचे वडील, असं लांबलचक इंग्रजीत जुळवत बसले. मला एकदम चौथीतला 'माय फॅमिली' निबंध आठवला. माझ्या ताईचे सासरे आमच्याकडे आले होते. सिस्टरांना विचारलं होतं, बाबांचे व्याही आले, असं कसं लिहू? त्या म्हणाल्या होत्या, पाहुणे आले असं लिही.

त्या मुलीला घाई होती. म्हणाली, "तो फ्रेंड लिख दूँ?"

पगारेभाऊ हळूच म्हणाले, "लिहा, फ्रेंड लिहा. चालेल."

"फ्रेंड नाही," तुझे बाबा म्हणाले.

पगारेभाऊ स्वतःच्या चपलांकडे बघायला लागले. मुलगी म्हणाली, "ओके, नो रिलेशन."

"नो रिलेशन कसं?" यांचा आवाज चढला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. तुला माहीत आहे, चुकीचं काही लिहिलेलं यांना सहन होत नाही, लग्नपत्रिकेतली ऱ्हस्व-दीर्घाची चूकसुद्धा लाल पेनाने दुरुस्त करतात. "काहीही काय लिहिताय? फ्रेंड तर कोणीही असतो. हे माझे व्याही आहेत."

"व्याही को इंग्लिश में क्या बोलते हैं?"

हे माझ्याकडे वळले. "तू कॉन्व्हेंटची ना? सांग तिला."

"इंग्रजीत शब्द नाही त्याला," मी म्हटलं.

"नाही म्हणजे? एवढी मोठी भाषा!" आणि परत त्या मुलीला, "मग व्याहीच लिहा. व्ही, वाय, ए, एच, आय. व्याही."

ती बिचारी उठून आत गेली, कोणा मोठ्या साहेबांना विचारून आली आणि लग्नामुळे झालेला नातेवाईक, असं काहीसं इंग्रजीत टाइप केलं. यांनी ते तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. 'बाय मॅरेज' हे शब्द आले तेव्हा मी यांच्याकडे बघितलं. ज्या लग्नाचं नाव या घरात काढायची सोय नव्हती, त्याचा हा माणूस काउंटरवर हात आपटून पुरावा देत होता. हे म्हणाले, "हं. जवळपास आहे." मग ठसे द्यायला गेले. कान लाल झाले होते.

परत येताना कसारा घाटात पगारेभाऊंनीच तोंड उघडलं. "वहिनी, एक अडचण झाली."

"काय हो?"

"मित्र होतो तेव्हा अरेतुरे चालायचं. आता व्याही म्हटल्यावर मानपान आला. पंचा-टोपी आली. आठ वर्षांची बाकी आहे."

घाट संपल्यावर पुढच्या सीटवरून आवाज आला, "टोपी नाही मिळणार. हेल्मेट आहे एक जादा."

पगारेभाऊ हसले. मी खिडकीकडे तोंड केलं. मला गाडी लागते असं सांगितलं.

व्हिसा आला की कळवते. टोपीला गोंडा लावायचा आहे ना?

आई


२२ जानेवारी

हर्षू, घाबरू नकोस आणि लगेच फोनही करू नकोस. बाबा पडले. उजव्या घोट्याचं हाड चिरलंय, प्लास्टर घातलंय. विमानाने जाता येईल, पण स्कीइंग नाही, असं डॉक्टर म्हणाले. व्हिसा आजच आला. सविस्तर लिहिते.


नाशिकरोड,
२५ जानेवारी २०२६

हर्षू,

तू विचारतेस कसे पडले. सगळ्यांना वाटतं सराव करताना पडले असतील. तसं झालं असतं तर निदान अब्रू राहिली असती. पार्किंगच्या उतारावर पिझ्झा करून हे व्यवस्थित थांबले होते. सोसायटीच्या पोरांनी टाळ्याही वाजवल्या. तेवढ्यात घंटागाडी आली. आमचा ओला कचरा वर राहिला होता. "थांबा, थांबा," म्हणत हे बादली घ्यायला धावले आणि गटाराच्या जाळीत पाय अडकून कोसळले. घंटागाडी काही थांबली नाही. कचरा अजून दोन दिवस घरातच होता.

तुझा निरोप मी त्यांना जसाच्या तसा वाचून दाखवला. डोंगरावरच्या घराला बर्फातून चढून जावं लागतं, प्लास्टर घेऊन ते जमणार नाही, म्हणून ते घर सोडून देते, इन्सब्रुकला आमच्याकडेच या. लिफ्ट आहे, खोली रिकामी आहे.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू जा. पगारेंना घेऊन जा. मी येत नाही."

"का?"

"मी स्कीइंगला जाणार होतो. ते रद्द झालं. आता मी कशाला जाऊ?"

मी स्वतःला शांत माणूस समजते, हर्षू. सिस्टर म्हणायच्या, राग आला की आधी पाणी पी. मी पाणी प्यायले, एक नाही, दोन पेले. आणि तरीही ओरडले. म्हटलं, "कोणाला सांगताय स्कीइंगचं? मला? या वयात, या गुडघ्यांनी, ज्या माणसाला बाथरूममध्ये चालताना भिंत धरावी लागते, तो बर्फावर घसरायला चालला होता, हे तुमच्या आईंना पटलं नाही, दिनेशला पटलं नाही, त्या पार्किंगमधल्या पोरांनाही पटलं नाही. एका तुम्हालाच पटलं होतं. बसा घरी. तुमच्या शपथेला जेवायला वाढायला मी इथे नाही. मी माझ्या लेकीच्या घरी चालले आहे."

शेजारच्यांच्या टीव्हीचा आवाज बंद झाला. आपल्याच घराण्याची सवय दिसते ती.

तुझे बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. खरं सांगू? मला तेव्हा वाटलं, संपलं. तुला तसं लिहायला कागदही घेतला होता.

काल सकाळी बेल वाजली. दारात पगारेभाऊ. आठ वर्षांत पहिल्यांदा. आत या म्हणायच्या आधीच माझे डोळे भरले, म्हणून मी नुसती बाजूला झाले. ते सरळ पलंगापाशी गेले आणि प्लास्टरवर टिचकी मारून बघितली.

"कचरा टाकताना पडलास म्हणे."

तुझे बाबा म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?" तुला! मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी हलवायला लागले.

"सगळ्या नाशिकरोडला माहीत आहे. विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते. मी ढकलतो."

"तू ढकलणार?"

"कोळसा ढकलला जन्मभर. तू काय त्याच्यापेक्षा जड आहेस?"

"कोळसा पट्ट्यावरून यायचा. तू नुसता बघत उभा असायचास."

"मग तुला बघत उभा राहतो. चल तर."

मग तुझ्या बाबांचा आवाज आला, इतका हळू की मी नळ बंद केला. "मी येऊन करू काय, पगाऱ्या? तिला काय म्हणू? एवढ्या वर्षांनी दारात जाऊन उभं राहायचं, ते पण दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून. काय तोंडाने?"

पगारेभाऊ म्हणाले, "कोरोनात कुसा आजारी होती तेव्हा सुयशला येता आलं नाही. विमानं बंद होती. ती सारखी दाराकडे बघायची. मी तिला सांगायचो, येतोय, निघालाय. तोंडाचं काय घेऊन बसलास? कुठल्याही तोंडाने गेलास तरी पोरगी दार उघडणारच आहे. तिला उघडू दे."

त्यांनी चहा घेतला आणि गेले. यांचं काय ठरलं, ते मी विचारलं नाही. हर्षू, मी इतकी थकले होते की विचारायची भीती वाटली.

आज दुपारी मी टोपीला गोंडा लावत बसले होते. आतून हाक आली.

"अगं, तिच्याकडे संडासात धरायला दांडा आहे का?"

सुई माझ्या बोटात गेली. मी मुद्दाम विचारलं, "कोणाकडे?"

पलंग करकरला. मग म्हणाले, "हर्षालीकडे."

आठ वर्षांनी तुझं नाव, आणि तेही संडासाच्या चौकशीत! मी जोरात हसले असते, पण हसता येईना. मी म्हटलं, "मला माहीत नाही. विचारते."

"मला या पायावर उठता-बसता यायला हवं ना तिथे. आठ दिवस तिच्या अंगावर भार टाकून चालणार नाही. नसेल तर मीच करून नेतो. स्टीलचा पाइप आहे माळ्यावर."

तेव्हापासून पगारेभाऊंशी फोनवर वाद चालू आहे. पाइप विमानात सामानातून चालतो की नाही, ऑस्ट्रियात भिंती विटांच्या असतात की लाकडाच्या, भोक पाडायला घरमालकाची परवानगी लागते का. हे म्हणतात, परवानगी हर्षालीने घ्यावी, तिच्या घराचं तिने बघावं.

तर हर्षू, आज रात्री झोपायच्या आधी एवढं कर. कमोडच्या उजव्या बाजूला भिंत आहे का, असली तर किती लांब आहे, आणि भिंत कशाची आहे, सगळं नीट मोजून पाठव. सेंटिमीटरमध्ये हवं, अंदाजाने चालणार नाही. माणूस टेप आणि पेन्सिल घेऊन पलंगावर बसलाय आणि दर पाच मिनिटांनी विचारतोय, हर्षालीचं काही आलं का.

आई